विकायला न काढलेलं घर

भरतेश मगदूमनं एकोणीस वर्षं सांगलीतल्या लोकांचे विजेचे मीटर वाचले. कुठल्या फाटकामागचं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुठलं खरंच चावतं, कुठल्या काकू ताक विचारतात आणि कुठल्या मीटर वाचून होईस्तोवर संशयानं बघत उभ्या राहतात, हे त्याला पाठ होतं. मग नवे मीटर आले. ते आपले आपणच वाचून घेत आणि आकडा परस्पर कळवून टाकत. त्यांना कुत्रं चावत नव्हतं आणि ताकही लागत नव्हतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी भरतेश घरी बसला.

त्याला दुःख झालं असतं तर बरं झालं असतं. बायको, राजमती, दोन दिवस रडली; हा तिच्याशेजारी नुसता बसून राहिला. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतात आणि मग आपलाच गाल आपल्याला परका वाटतो, तसं त्याचं झालं होतं. गाल जागच्या जागी होता, हात लावला तर कळत नव्हतं इतकंच.

अशात त्याला ऐनापुरे सरांनी बोलावलं. विश्रामबागेतलं त्यांचं घर भरतेशच्या जुन्या फेरीतलं. सर घराजागेचे व्यवहार करत आणि नवशिक्यांना शिकवतही. त्यांना ‘सर’ पहिल्यांदा कोण म्हणालं कोणास ठाऊक, पण ती पदवी त्यांना शर्टासारखी बसली होती.

“घर विकत घ्यायला पैसा लागतो,” सर म्हणाले. “घराचा करार विकत घ्यायला नुसतं तोंड लागतं. एकोणीस वर्षं लोकांनी तुला दार उघडलंय भरतेश. तेच तुझं भांडवल.”

धंदा साधा होता. ज्याला घर विकायची निकड आहे असा मालक गाठायचा. बाजारभावाहून कमी किंमत ठरवायची, थोडा इसार हातावर ठेवायचा आणि नव्वद दिवसांच्या मुदतीचा करार करायचा. घर घ्यायचं नाहीच. त्या नव्वद दिवसांत खरं गिऱ्हाईक शोधायचं आणि तो करार जास्त किमतीला त्याच्या नावावर करून द्यायचा. मधला फरक आपला. त्यासाठी करारात खरेदीदाराच्या नावापुढे ‘अथवा ते नेमून देतील ती व्यक्ती’ एवढं न विसरता घालायचं. बाकीचा कागद वकील भरून देत.

अडचण एकच. निकड असलेला मालक हुडकायचा कसा? पूर्वीचे एजंट त्यासाठी पेपरातल्या मयताच्या जाहिराती वाचत, कोर्टाच्या पायरीवर घिरट्या घालत. आता ‘कानोसा’ होता.

कानोसा म्हणजे एक प्रणाली, आणि तिचं पोट भरत होते तेच नवे मीटर. घरात वीज एकाच तारेनं येते, पण प्रत्येक उपकरण ती आपापल्या पद्धतीनं ओढतं. फ्रिज सुरू होताना एक झटका देऊन मग शांत होतो. गिझर एकदम पायरी चढल्यासारखा चढतो आणि तसाच वर राहतो. मिक्सरची वीज थरथरते. नवा मीटर हा चढउतार सेकंदाला हजारो वेळा टिपतो, आणि कोणी शहाण्यानं त्यातून एकेक उपकरण वेगळं काढायची रीत बसवली. गर्दीत आपल्या माणसाचा खोकला ओळखावा, तसं. मग घरात किती माणसं आंघोळ करतात, पहाटे कोण उठतं, कुठल्या खोलीतला पंखा बंद पडला, हे घरात पाऊल न टाकता कळायला लागलं.

पुढचं काम आकडेमोडीचं. आधीच विकल्या गेलेल्या लाखो घरांचे विक्रीपूर्वीचे महिने कानोसाला शिकवले गेले. घर विकलं जाण्याआधी त्याची लय बिघडते, हे त्यानं ओळखलं. मुलगा परदेशी जातो, नवराबायको वेगवेगळ्या खोल्यांत निजायला लागतात, कोणीतरी अंथरुणाला खिळतं. मालकाच्या मनात घर विकायचा विचार येण्याच्या चार-सहा महिने आधीच मीटरनं तो ऐकलेला असे. कानोसा कारण सांगत नसे. फक्त आकडा सांगे, इतके टक्के शक्यता. लोकांची याला संमती होती का? होती. बिलात सवलत मिळते म्हणून सगळ्यांनीच अर्जाच्या तळाशी खूण केली होती, आणि अर्जाचा तळ आजवर कोणी वाचला आहे?

सरांनी भरतेशला चार महिने यादी बघायची मुभा दिली. तेवढ्यात एक तरी करार झाला पाहिजे, नाहीतर यादी बंद. आणि बोलायची रीतही शिकवली.

“घराचं नाव शेवटी काढायचं. आधी तब्येत विचारायची. दहातल्या चार घरांत आजारपण असतं. मालक हळवा होतो, आपणहून बोलतो. ‘तब्येत कशी आहे आता?’ असं विचारायचं. ‘आता’ विसरायचं नाही.”

दोन महिने भरतेश हिंडला. ज्या दारात जाई तिथं आधीच दोघंतिघं येऊन गेलेले असत, कारण यादी काही एकट्या त्याच्याकडे नव्हती. एका घरी पेशंटच्या बायकोनं त्याला ओळखलं आणि सवयीनं ताक आणून दिलं. तो ताक प्याला, नवऱ्याची तब्येत विचारली, ती रडायला लागली. आपल्याला लाज वाटेल म्हणून त्यानं थोडा वेळ वाट बघितली. लाज काही आली नाही.

श्रावणात एका सकाळी यादीत नवं नाव चढलं. चौगुले धनपाल आदगोंडा, नेमिनाथनगर. एकोणनव्वद टक्के.

ते त्याच्या अक्काचं घर होतं.

आई गेली तेव्हा भरतेश नऊ वर्षांचा होता आणि त्रिशलाअक्का एकोणीस. जमलेलं लग्न तीन वर्षं लांबवून तिनं त्याला वाढवलं. धनपालदाजी तिच्यासाठी तीन वर्षं थांबले, या एका गोष्टीवर भरतेशचा माणसांवरचा सगळा विश्वास उभा होता. नेमिनाथनगरातलं घर बांधलं तेव्हा रोज संध्याकाळी मीटरची फेरी संपवून भिंतींवर पाणी मारायला तोच जाई. आता दाजी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते आणि मुलगा सन्मती पुण्याला होता. दोघंच होती. म्हणजे दोघांतलं कोणीतरी आजारी होतं आणि त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

तो तसाच उठून गेला. अक्काकडे तो तीन महिन्यांत पहिल्यांदाच जात होता.

अक्का मागच्या दारी जात्यावर गहू दळत बसली होती. पांढरं धुवट लुगडं, कपाळाला घाम.

“आलास व्हय? किती वाळलास रे,” ती म्हणाली. “तिथंच थांब, शिवू नको मला. चौका लावलाय.”

जैन मुनीमहाराजांचा चातुर्मास यंदा नेमिनाथनगरच्या मंदिरात होता. सकाळी महाराज आहाराला निघत आणि वाटेतल्या कुठल्याही एका दारापुढं थांबत. कुठल्या, ते आधी कोणालाच ठाऊक नसे. म्हणून ज्यांनी नेम घेतला होता त्या घरी रोज शुद्ध स्वयंपाक, म्हणजे चौका, तयार ठेवायचा. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून उकळायचं, पीठ हातानं दळायचं, शिळं काही ठेवायचं नाही. अक्कानं हौसेनं सगळं घरच त्या नेमात बसवलं होतं. फ्रिज रिकामा करून दार उघडं टाकलं होतं. मिक्सर माळ्यावर. पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद, गिझर बंद, आंघोळीचं पाणी बंबात. दिव्यावर किडे येऊन मरतात म्हणून दिवस मावळला की नुसता एक छोटा बल्ब. दाजींनी टीव्हीसुद्धा चार महिन्यांसाठी सोडला होता.

“दाजी कसे आहेत?” भरतेशनं विचारलं.

“त्यांना काय धाड भरलीय? सकाळ-सकाळ विहिरीचं पाणी शेंदतात. दोन किलो उतरले, बरं झालं.”

दाजी हातात भरलेली कळशी घेऊन आले आणि हसले. भरतेशला सगळं कळायला दहा मिनिटंही लागली नाहीत. कानोसा शिकला होता मोठ्या शहरांतल्या घरांवर. फ्रिज बंद, स्वयंपाकघर गप्प, संध्याकाळनंतर अंधार; त्याच्या लेखी हे घर आवरत आलं होतं. आणि घर तर इतकं भरलेलं होतं की अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती, शेजारच्या चार बाया डाळ निवडत बसल्या होत्या.

यादीत ‘दुरुस्ती’ कळवायची सोय होती. प्रत्यक्ष बघितलेली चूक लिहून पाठवायची, मग तो आकडा सगळ्यांच्याच यादीतून खाली येई. भरतेशनं फाटकाशी उभं राहून लिहिलं : ‘घरात चातुर्मासाचा चौका आहे. कोणी आजारी नाही, कोणी जाणार नाही.’ पाठवण्यापूर्वी खाली बारीक अक्षरात नियम आला. दुरुस्ती कळवणाऱ्याला त्या घराचा व्यवहार दोन वर्षं करता येणार नाही.

त्याला अक्काचं घर नकोच होतं. तरीही बोट थांबलं. का थांबलं, हे त्याला पुढंही नीट सांगता आलं नाही. मुदतीचे दोन महिने राहिले होते आणि जमण्यासारखं नाव एवढं एकच होतं. उद्या पाठवू, असं म्हणून त्यानं फोन खिशात टाकला.

त्या उद्याला पाय फुटले नाहीत. बाकीच्या एजंटांना मात्र फुटले.

पहिल्या आठवड्यात चार जण आले. सगळे सरांसारख्याच कुणाकडून शिकलेले. “काका, तब्येत कशी आहे आता?” दाजी पहिल्याला हसून म्हणाले, ठणठणीत. दुसऱ्यालाही. तिसऱ्यानं फळं आणली होती. चौथी एक बाई होती, तिनं दाजींचा हात हातात घेतला आणि म्हणाली, “लपवू नका. मोकळं व्हा.”

“मी तसा दिसायलोय का?” दाजींनी त्या दिवशी अक्काला विचारलं.

“कसा?”

“आजारी.”

अक्का हसली. पण दाजी प्रयोगशाळेतले. एका चाचणीचा आकडा चुकतो, लागोपाठ सहा चाचण्यांचा चुकत नाही, हे ते तीस वर्षं नव्या पोरांना शिकवत आले होते. सहावा माणूस येऊन गेला तेव्हा ते रक्त तपासायला गेले. काही निघालं नाही. आठवा आला तेव्हा छातीचा फोटो काढला, मग मिरजेला जाऊन पोटाचा. वजन दोन किलो उतरलं होतं, ते त्यांना आता वेगळंच वाटायला लागलं. झोप उडाली. ते अपरात्री उठून खोल्यांतून फिरत आणि दिवे लावत. कानोसानं तेही ऐकलं. आकडा त्र्याण्णववर गेला, आणि आकडा चढला म्हणून आणखी माणसं आली.

एका सकाळी महाराज अक्काच्या दारापुढं आले. अक्का कलश घेऊन उभी होती, पुढचं पाऊल थांबतंय असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी फाटकाशी कोणीतरी गाडी लावून हॉर्न वाजवला. महाराज पुढं गेले.

“कोण यायलेत रे हे?” तिनं भरतेशला फोनवर विचारलं. “रोज एकेक. सगळे तब्येतच विचारतात. कुणी करणी केली का काय आमच्यावर? तू त्या धंद्यात आहेस, तुला काही ठाऊक असंल तर सांग.”

भरतेशनं तोंड उघडलं. एक वाक्य होतं. ते लिहून तयार होतं, नुसतं वाचायचं होतं.

“एजंट असेच फिरत असतात अक्का,” तो म्हणाला. “लक्ष देऊ नको.”

फोन ठेवल्यावर तो ऐनापुरे सरांकडे गेला. मशीन चुकलंय, असं त्यानं सांगून टाकलं. सरांनी शांतपणे बिस्किट चहात बुडवलं.

“चुकलं होतं,” ते म्हणाले. “आता कुठं चुकतंय? सन्मतीनं पुण्याला मोठा फ्लॅट बघायला घेतलाय. आपल्यातल्याच एकानं त्याला फोन केलावता. घर जाणारच भरतेश. प्रश्न एवढाच की ते कुणाच्या हातनं जायचं. परक्याच्या, का तुझ्या?”

हे बोलणं नीचपणाचं आहे हे भरतेशला समजत होतं. समजण्यात त्याची काही अडचण नव्हती.

अक्कानं दाजींसाठी एकाआड एक सोळा उपास धरले. भाद्रपदात पारण्याच्या दिवशी तिनं भरतेशला बोलावलं. पाण्याचा पहिला घोट भावाच्या हातचा घ्यायचा, असं तिच्या मनात होतं. ती निम्मी झाली होती. तांब्या तिला धरवेना, म्हणून भरतेशनं तो तिच्या ओठांशी धरला. आता, या क्षणी सांगितलं तरी चालेल, असं त्याला वाटलं. पाणी पिऊन होऊ दे, मग सांगू. पाणी पिऊन झालं आणि तीच बोलली.

“ह्यांनी विकायचं ठरवलंय. म्हणतात, मी गेल्यावर तू एकटी कशी राहशील, आताच पोराकडं जाऊया. माझं काही ऐकत न्हाईत.” तिनं डोळे पुसले. “परक्याला देण्यापेक्षा तू घे भरत. भाव कमी दे. भिंतींवर पाणी तूच मारलंयस की. घर घरात राहील.”

“घेतो,” भरतेश म्हणाला.

तो खोटं बोलला नाही. करार तो घेणारच होता.

सही दोन दिवसांनी झाली. दाजी एरवी चहाच्या पुड्यावरचाही मजकूर वाचणारे. त्या दिवशी त्यांनी चष्मा घातलाच नाही. “घरचाच कागद आहे,” म्हणाले आणि भरतेशनं बोट ठेवलं तिथं सही केली. मुदतीला तीन दिवस उरले होते. सरांनी पेढे वाटले आणि यादी चालू राहिली. दिवाळीपर्यंत, चातुर्मास पुरा होईपर्यंत आम्ही इथंच राहू का, असं अक्कानं विचारलं होतं. भरतेशनं ते करारात घालून घेतलं. तेवढं केल्याचं त्याला पुष्कळ दिवस बरं वाटत राहिलं, म्हणजे ज्याला तो हल्ली बरं वाटणं म्हणत असे ते. दसऱ्याच्या आत त्यानं करार एका बिल्डरच्या नावावर करून दिला.

दिवाळी झाली आणि टेम्पो आला. सामान चढलं. पुण्याहून सन्मतीनं गाडी पाठवली होती, दाजी पुढच्या सीटवर जाऊन बसले होते. अक्का रिकाम्या स्वयंपाकघरात बांधलेल्या वळकटीवर बसली होती.

“राजमतीला घेऊन यायचं न्हाई का? बंबाची पाइप कुठनं गळती ते दाखवून ठेवलं असतं. तुम्ही कधी यायचं?”

“आम्ही यायचं नाही अक्का.”

मग त्यानं सांगितलं. मीटरचा आकडा वाचावा तशा आवाजात, एकही गोष्ट न वगळता. करार कोणाला दिला. घर पाडून तीन मजले होणार. आणि हे सगळं फ्रिज बंद केल्यापासून कसं सुरू झालं.

अक्कानं एकदा भिंतीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“म्हणजे ह्यांना काही न्हवतंच?”

“नव्हतं.”

“तुला कधी कळलं?”

“चौका बघितला त्याच दिवशी.”

“सोळा उपास केले मी,” अक्का म्हणाली. “पाणी तू पाजलंस.”

भरतेश उभा राहिला. आता काहीतरी होईल, छातीत कळ येईल, रडू फुटेल, असं त्याला वाटत होतं आणि तो त्याची मनापासून वाट बघत होता. अक्का त्याला मारेल तर किती बरं, असंही वाटून गेलं. तिनं मारलं नाही. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली.

“मला सांगून काय उपयोग? जा, त्यांना सांग. आताच्या आता. निदान तेवढं तरी सुटू दे त्यांच्या डोक्यातनं.”

तो अंगण ओलांडून गाडीपाशी गेला. दाजींनी काच खाली केली. त्यांच्या मांडीवर तपासण्यांची जाड फाइल होती, ती त्यांनी टेम्पोत चढवू दिली नव्हती.

“दाजी, तुम्हाला काहीही झालेलं नाही,” भरतेश म्हणाला. “मशीन चुकलं होतं. चौक्यामुळं घरातली वीज कमी झाली, म्हणून ती माणसं यायला लागली. तुम्ही धडधाकट आहात.”

दाजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग काचेतून हात बाहेर काढून त्याच्या हातावर ठेवला. बोटं अगदी बारीक झाली होती.

“डॉक्टरही असंच म्हणतात,” ते म्हणाले. “सन्मतीपण. तुम्ही घरची माणसं, तुम्ही दुसरं काय म्हणणार? पण ती बारा-तेरा माणसं परकी होती रे. परक्या माणसाला खोटं विचारायची काय गरज?”

भरतेशपाशी याला उत्तर होतं. ते त्यानं आत्ताच दिलं होतं.

दाजींनी दाराकडं बघितलं. अक्का पायरी उतरून येत होती. ते त्याच्याकडं वाकले आणि हळूच म्हणाले, “एवढं कर. तुझ्या अक्काला हे चौक्याचं काही कळू देऊ नको. उपासानं ती आधीच खचलीय.”

“बरं,” भरतेश म्हणाला.